तिसरी थाप

माझी पाळी दहाला सुरू होणार होती,
म्हणून बर्फाची नांगरगाडी अग्निशमन केंद्राबाहेर लावून
बूट न काढताच मी मागच्या बाकावर टेकलो.
आत कॉफी, ओले लोकरी हातमोजे,
लेंपीबाईंच्या वेलचीपावाचा वास.
बंब बाहेर काढलेले. त्यांच्या जागी
चार माइक, एक टेबल,
आणि छातीइतक्या उंचीचं एक दार,
चौकटीसकट, भिंतीविना.

मिशिगनच्या या वरच्या टोकाला ही गोष्ट सगळ्यांना पाठ.
शाळेत असते, परीक्षेलाही येते.
गोठलेल्या तळ्यापलीकडे निघालेला नवरा सांगून जातो:
मी असलो तर तीनदा ठोकीन.
कमी झालं तर उघडू नकोस,
या दिवसांत कोण कोण फिरतं.
रात्री थाप पडते. एक. दोन.
ती कुऱ्हाड मांडीवर घेऊन उजाडेपर्यंत बसून राहते.
पुढचं तुम्हाला कळलंच असेल.

रेइनो पूर्वी सुतारकाम शिकवायचा.
आता बाह्या सरसावून टेबलामागे उभा:
मक्याच्या पिठाची चामडी पिशवी दाबली
की बर्फात पाऊल,
कॅनव्हासखाली लाकडी पिंप फिरवलं की वारा.
मला आधी हसू आलं.
वीस हिवाळे मी खरा वारा खाल्लाय,
तो असा वेळेवर येत नाही.
दुसऱ्या पानाला मात्र मी जाकिटाची चेन
गळ्यापर्यंत ओढली,
आणि ओढल्यावर लक्षात आलं.

बायको झाली होती पोस्टातली मिसेस पेन्रोज.
चष्मा नाकावर, पानं प्लास्टिकच्या पाकिटांत,
सळसळू नयेत म्हणून.
दिवसभर खिडकीतून "पुढचा" म्हणणारा तोच आवाज
"कोण आहे?" म्हणाला,
आणि माझ्या शेजारच्या पोराने चघळणं थांबवलं.

रेइनोने ठोकलं. एक.
दोन.
मग लिहून ठेवलेली शांतता,
दहा सेकंद, भिंतीवरच्या घड्याळात मोजून.
सात झाले असतील.

ठक.

रेइनोचे दोन्ही हात टेबलावर होते.
थाप बाकाच्या लाकडावर पडली होती,
तिसऱ्या रांगेतून, डावीकडून,
जिथे आइली कांगास बसते, पर्स मांडीवर घेऊन.
कुणी मान वळवली नाही.
तिचा वॉल्टर कुठल्या मार्चमध्ये
स्नोमोबिलसकट गेला, हे इथे सांगावं लागत नाही.
पातळ बर्फावर लाल झेंडे
तेव्हापासून मीच लावतो.

मिसेस पेन्रोजचं बोट ओळीवर: ती उठत नाही.
तिने ती ओळ वाचली नाही.
रेइनोने तिच्याकडे पाहिलं, मग आपल्या दाराकडे,
आणि कडी काढली.
बिजागरीला मुद्दाम तेल घातलेलं नव्हतं,
ती मनसोक्त कुरकुरली.
दारापलीकडे भिंतीवर आग विझवायचं नळकांडं,
आणि खिळ्याला कुणाचा तरी विसरलेला मफलर.

पण कागद आधीच छापलेले असतात.
निवेदक होता विशीतला पोरगा. त्याने आवंढा गिळला,
पान उलटलं, लिहिलं होतं तेच वाचलं:
सकाळी तिने दार उघडलं तेव्हा
उंबऱ्यावर तो बसलेला होता, मूठ वर धरून.
मग टायरच्या दुकानाची जाहिरात.

टाळ्या झाल्या असाव्यात. दहाला पाच कमी होते.
निघताना पाहिलं, तर आइली कागदी रुमालात
वेलचीपावाचे दोन तुकडे बांधून घेत होती.

रात्रभर बर्फ ढकलला.
सकाळी पेट्रोलपंपावर मला गाठलं ऑर्विलने.
तो घरी होता, स्वयंपाकघरात, रेडिओजवळ.
"दार तर उघडलं ना? बायकोनेही ऐकलं.
मग मेला कसा तो?"

मी म्हटलं, त्या दोन गोष्टी होत्या.
"कुठल्या दोन?"
माझ्या हातात कॉफी होती, गाडी चालू होती,
आणि तळ्याकडचा रस्ता
अजून व्हायचा होता.